तळ्याचे वरचे पाणी

दि. ४ जानेवारी

विहीणबाई यांस,

सादर नमस्कार. माझी मुलगी आपल्या घरी नांदते आहे, त्यामुळे इकडची खुशाली तिच्याकडून आपणांस कळतच असते. हे पत्र घरगुती नाही. वरच्या वस्तीच्या पाणी समितीचा अध्यक्ष या नात्याने मी ते खालच्या वस्तीच्या पाणी समितीच्या अध्यक्षांस, म्हणजे आपणांसच, लिहीत आहे. फोनवर बोललेले दुसऱ्या दिवशी दोघांनाही वेगवेगळे आठवते. सबब समितीचा कारभार लेखी ठेवावा, अशी विनंती आहे. दूधगाडी रोज सकाळी आपल्याकडे उतरते आणि दुपारी परत येते. पत्रे नेण्याआणण्याचे तिच्या चालकाने कबूल केले आहे.

विषय असा. खाण बंद झाली, पंप थांबले आणि खाणीच्या खड्ड्याचे तळे झाले, हे आपण जाणता. उतारांवर माती पसरली, झाडे लागली. नवखा माणूस आला तर येथे कधी खाण होती यावर त्याचा विश्वास बसत नाही. परंतु तळ्यास बाहेर पडण्याची वाट नसल्याने पाणी चढत चालले आहे आणि आमच्या घरांच्या पायांत मुरते आहे. माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघराच्या भिंतीस कमरेइतकी ओल आली आहे. उलटपक्षी, खाण चालू असताना आमच्या पंपांचे पाणी ज्या नाल्याने आपल्याकडे येत असे, तो नाला कोरडा पडला आहे आणि आपल्या बागा विहिरींच्या तळाशी उरलेल्या पाण्यावर कशाबशा तगून आहेत. आम्हांस पाणी नको आहे, आपणांस हवे आहे.

इतकी सरळ गोष्ट, पण जलमंडळास ती सरळ वाटत नाही. मंडळाचा बेत तळ्याचे जास्तीचे पाणी बंद नळातून थेट नदीत नेण्याचा आहे. तसे झाल्यास आमच्या भिंती वाळतील, पण आपला नाला कायमचा कोरडा राहील. आपल्या दोन्ही समित्यांच्या अर्जावरून मंडळाने मार्चअखेरपर्यंत चाचणीची मुभा दिली आहे. तोवर वापरण्याजोगे पाणी आपल्यापर्यंत पोहोचले आणि आमची ओल हटली, तर पाण्याचा हक्क दोन्ही वस्त्यांना कायमचा मिळेल. नाही तर आमच्या झडपेला सील लागेल.

चाचणीसाठी तळ्यातून नाल्यापर्यंत नळ टाकून त्याला झडप बसवली आहे, तिचे चक्र समितीने माझ्या स्वाधीन केले आहे. मी चौथीपर्यंतच शिकलो, परंतु उभे आयुष्य खाणीच्या पंपावर काढले आणि माझ्या पाळीत खाणीत कधी पाणी साचू दिले नाही. मंडळाच्या इंजिनीअरबाई येऊन गेल्या. त्यांचे म्हणणे पडले की, पाणी तळ्याच्या वरच्या थरातून घ्यावे. मुलगी हुशार आहे आणि बोलण्यात नम्रही आहे. मी तिला चहा दिला. पण पाणी उपसणारा माणूस तळ सोडून वरवरचे पाणी काढू लागला, तर त्याला पंपवाला कोण म्हणेल? नळाचे आतले तोंड मी आमच्या माणसांकडून पार तळापर्यंत उतरवून घेतले आहे.

पाणी हवे असल्यास आदल्या दिवशी लेखी मागणी यावी. तोंडी निरोप ग्राह्य धरले जाणार नाहीत. नाल्यात गुरे उतरवू नयेत, कपडे धुऊ नयेत, वाहने तर मुळीच धुऊ नयेत. दि. ८ रोजी सकाळी चक्र फिरवण्यात येईल.

आपला,
व्याही
(अध्यक्ष, वरची वस्ती)

---

दि. ६ जानेवारी

व्याहीबुवांना नमस्कार.

पत्र मिळाले. वाचून दाखवावे म्हणून समितीच्या बैठकीत उभी राहिले, तर सगळे आपोआप ताठ बसले. आपल्या भाषेचा दरारा इथपर्यंत पोहोचतो. आपण गुरे, कपडे आणि वाहने यांची सोय लावलीत, फक्त पाणी किती येईल ते लिहायचे राहिले. तेवढे कळवावे.

थट्टा बाजूला. माझी रोपवाटिका आपण पाहिली आहे. आपल्या खाणीच्या उतारावर जी झाडे डुलतात, ती माझ्या पिशव्यांत वाढून तिकडे आली. पुढच्या उताराची रोपे आत्ता सावलीच्या जाळीखाली आहेत आणि विहिरीत बादली बुडवली की तिचे बूड तळाला लागते. माझेच नाही, इथल्या प्रत्येक घराच्या मागे वाफे आहेत. पंप चालू होते तोवर त्या पाण्यावर आम्ही संसार मांडले. ते पाणी आमच्या हक्काचे आहे हे मंडळाला सांगायला मी एका पायावर तयार आहे. पण दाखवायला पाणी हवे.

तेव्हा व्याहीबुवा, तळ काढा, नाही तर तळ्याची साय काढा. मला पाणी मिळाल्याशी कारण. ही माझी लेखी मागणी समजावी.

आपली,
विहीण
(मीही अध्यक्ष, पण कंसात लिहायची सवय नाही)

---

दि. ८ जानेवारी

विहीणबाई यांस,

नमस्कार. आज सकाळी, सर्व वस्तीच्या समक्ष, चक्र फिरवले. पाणी नळाच्या बाहेरच्या तोंडातून असे काही उसळले की, पुढे उभ्या असलेल्या मंडळींना मागे सरावे लागले. टाळ्या झाल्या. मी काचेचा पेला भरून वर्तमानपत्रावर ठेवला आणि पेल्यातून मथळा वाचून दाखवला. काचेहून निर्मळ पाणी आहे. वास नाही, गढूळपणा नाही, काडी-कचरा नाही.

आपण किती पाणी येईल असे विचारले होते. नाल्याच्या मोरीखाली अर्धी मोरी भरेल इतके. याहून जास्त सोडल्यास आपले वाफे वाहून जातील आणि त्याचा दोष पुन्हा व्याह्यावर येईल.

आपल्या सूनबाईस माझा आशीर्वाद सांगावा.

आपला,
व्याही

---

दि. ११ जानेवारी

व्याहीबुवा,

आपण पाणी पाठवलेत की विटा भिजवलेले धुवण?

नाल्याने आले ते लाल आहे. मी रंगात चूक करत नाही, माझा धंदाच रंगाचा आहे. पहिल्या दिवशी आम्हीही टाळ्या वाजवल्या, मग टाळ्या वाजवलेले हात त्यात धुतले आणि एकमेकांकडे बघत राहिलो. ठिबकच्या नळ्यांची भोके बुजली. रोपांच्या पानांवर लालसर खरपुडी धरली आहे, नखाने खरवडली तर पानही सोबत येते. मागच्या गल्लीतल्या एकीने पांढरी चादर भिजवली, ती आता आपल्या खाणीच्या मातीच्या रंगाची झाली आहे. ती रोज मला दाखवायला घेऊन येते.

लोक म्हणतात, वरचे लोक काहीतरी धुऊन खाली सोडतात. मी म्हणते, माझे व्याही असे करणार नाहीत. पण मग हे आहे काय? मंडळाचा माणूस परवा येऊन फोटो काढून गेला. नदीच्या नळाचे काम ज्यांना हवे आहे, त्यांना याहून गोड फोटो मिळणार नाहीत.

सून माझ्याशी दोन दिवस बोलत नाही. मी तिच्या वडिलांविषयी काहीतरी बोलले. काय बोलले ते या पत्रात लिहीत नाही, कारण आपण कारभार लेखी ठेवता.

विहीण

---

दि. १३ जानेवारी

खालच्या वस्तीच्या अध्यक्षांस,

आपले पत्र पोहोचले. त्यातील 'विटा', 'धुवण' आणि 'चादर' हे शब्द मी समितीपुढे वाचले नाहीत.

मी रोज सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी झडपेपाशी स्वतः उभा राहून पाणी पाहतो. ते आजही काचेसारखे आहे. माझ्या हातून निघते तेव्हा जे पाणी स्वच्छ असते, ते आपल्या हाती लाल होऊन पडत असेल, तर दोष मधल्या वाटेचा आहे. नाला बरीच वर्षे कोरडा होता. त्यात कोणी काय टाकले असेल ते आपणच शोधावे. नाला आपल्या हद्दीत आहे आणि तो साफ ठेवणे आपल्या समितीचे काम आहे.

आयुष्यभर ज्याने तळाचे पाणी काढून आपल्या वाफ्यांना पाजले, त्याच्यावर या वयात पाणी बाटवल्याचा आळ येईल असे वाटले नव्हते.

व्याही
(अध्यक्ष)

---

दि. १७ जानेवारी

बाबा,

हे पत्र मी सून म्हणून नाही, तुमची मुलगी म्हणून लिहिते. सासूबाईंना माहीत नाही. म्हणजे माहीत आहे, त्या समोरच बसून निवडणं-टिपणं करताहेत आणि बघत नसल्याचं दाखवताहेत.

तुमचं पत्र आल्यावर त्यांनी ते दोनदा वाचलं आणि पदर खोचला. म्हणाल्या, "चला, व्याह्यांनी नाला घाण म्हटलाय. उद्या त्याच्यात ताट मांडून जेवता आलं पाहिजे." सगळी वस्ती उतरली. दगड न् दगड बाहेर काढून घासला. मी पण होते. संध्याकाळी पुन्हा पाणी घेतलं. पुन्हा लाल.

मग काल मी एकटी नाल्याच्या कडेकडेने वर चालत आले. बाबा, मी डोळ्यांनी पाहिलं ते सांगते. मोरीपाशी पाणी लाल आहे. मोठ्या वळणापाशी पिवळं आहे. तुमची कुंपणाची तार दिसायला लागते तिथे ते जरा धुरकट दिसतं, आणि झडपेपाशी काचेसारखं आहे. मध्ये कुणाचं घर नाही, कुणाचं गटार येऊन मिळत नाही. कुणी काही टाकत नाही. ते आपलं आपण वाटेत लाल होतं.

तुम्ही पण खरं सांगताय आणि सासूबाई पण. मला दोघांच्या मध्ये उभं राहून हे सांगायचं होतं. तुमच्या दारापर्यंत आले होते. दार लोटलेलं होतं, तुम्ही आरामखुर्चीत झोपला होतात, चष्मा कपाळावर. उठवलं असतं तर तुम्ही आधी विचारलं असतंत, तू कुणाच्या बाजूने आलीस. म्हणून तशीच परत गेले.

एक करा. झडपेपाशी बरणी भरा आणि खिडकीत ठेवा. झाकण लावू नका. बास, एवढंच.

तुमची,
धाकटी

(सासूबाई विचारताहेत, "लिहून झालं का? माझाही नमस्कार घाल. नको, राहू दे.")

---

दि. २२ जानेवारी

विहीणबाई यांस,

सादर नमस्कार.

झडप मी चार दिवसांपूर्वी बंद केली, हे आपल्या लक्षात आलेच असेल. कारण कळवण्यास विलंब झाला.

आपल्या सुनेच्या सांगण्यावरून मी एक बरणी भरून खिडकीत ठेवली. ठेवली तेव्हा तिच्यातून पलीकडचा डोंगर दिसत होता. जेवण करून उठलो तर डोंगर दिसेनासा झाला. संध्याकाळपर्यंत पाणी आपण लिहिलेल्या रंगाचे झाले आणि बुडाशी लाल साका बसला. घरात माझ्याशिवाय कोणी नव्हते. बरणीस कोणी हात लावला नव्हता. मी उठलो आणि जाऊन झडप बंद केली.

दुसऱ्या दिवशी सदरा बदलून इंजिनीअरबाईंच्या कचेरीत गेलो. बरणी टेबलावर ठेवली. त्यांनी बरणीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

"तोंड तळाशी सोडलंत ना, बाबा?"

"पंपवाल्याने दुसरीकडे कुठे सोडायचं?"

"बरोबर आहे. पण हा पंपाचा खड्डा नाही, तळं आहे. तळाचं पाणी वर्षानुवर्षं तिथेच पडून आहे, त्याला वारा लागलेला नाही. त्यात लोखंड विरघळलेलं आहे, म्हणून डोळ्याला दिसत नाही. बाहेर आलं, हवा लागली, की ते गंजतं. तुम्ही पाठवता ते स्वच्छ असतं आणि त्यांना मिळतं ते लाल असतं. कुणीच खोटं बोलत नाही."

मी म्हणालो, "मी सगळं आयुष्य तळाचंच पाणी खाली सोडलं. तेव्हा कुणी तक्रार केली नाही."

"तेव्हा तुम्ही पाणी साचूच देत नव्हता. आणि लाल व्हायचं ते मोठ्या हौदांत होऊन तळाशी बसायचं, मग वरचं नाल्यात जायचं. हौद कुठे आहेत आता?"

हौद बुजवून तेथे मुलांसाठी झोपाळे लावले आहेत. त्या झोपाळ्यांचे उद्घाटन माझ्याच हस्ते झाले होते, हे मी त्यांना सांगितले नाही.

मग मी विचारले, "हे सगळं माहीत होतं, तर मला जोर देऊन का सांगितलं नाही?"

त्यावर त्या हसल्या. म्हणाल्या, "बाबा, मी सांगायला लागले तर तुम्ही चहा पाजून मला वाटेला लावलंत. चहा मात्र चांगला होता."

तरी, आपल्या नाल्याच्या स्वच्छतेविषयी मी दि. १३ च्या पत्रात जे लिहिले ते रद्द समजावे. नळाचे तोंड वरच्या थरात आणण्याचे काम हाती घेत आहे. पाण्याची पातळी खालीवर होते, त्यामुळे तोंड एका जागी बांधून चालणार नाही, ते पाण्यासोबत तरंगले पाहिजे. कसे, ते अजून ठरले नाही.

आपला,
व्याही

---

दि. २५ जानेवारी

व्याहीबुवांना नमस्कार.

रद्द केले. मीही माझा एक शब्द मागे घेतला आहे. तो लिहिलेलाच नव्हता, म्हणून तोंडीच मागे घेतला, सुनेसमोर. ती हसली. घरात पुन्हा आवाज आला.

पण वस्तीत आवाज वेगळाच आहे. काल बैठक झाली. निम्मे लोक म्हणाले, पुरे झाले हे. मंडळाला लिहून द्या की नळ नदीत न्या, आणि त्या बदल्यात आम्हाला टँकर द्या. मी विचारले, "टँकर किती वर्षं येईल?" एक म्हणाला, "येईल तोवर येईल." मी म्हटले, "आणि येणं थांबल्यावर हक्क कुठे मागायला जाणार? नदीत उडी मारून?" त्यावर तो म्हणतो, "तुमचे व्याही आहेत म्हणून तुम्ही बोलताय."

हे मला लागले. मी उभी राहून सांगितले की, माझे व्याही आहेत म्हणूनच मी त्यांना पहिल्यांदा नावे ठेवली, तुम्ही सगळे मागून आलात. मग मी त्यांच्याकडून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतची मुदत मागून घेतली. तोवर धड पाणी आले नाही तर त्या कागदावर पहिली सही माझी, आणि अध्यक्षपदही गेले. खुर्चीचे मला काही नाही. खुर्ची गेली तर बसायला बाकडे आहे. पण एकदा ती सही झाली की पुन्हा हे पाणी मागायला तोंड राहणार नाही. आपल्या नातवंडांनाही नाही.

रोपे विहिरीतल्या उरल्यासुरल्या पाण्यावर जगवते आहे. पहिल्या ओळीतली गेली. बाकीची वाट बघताहेत. मीही.

विहीण

---

दि. ९ फेब्रुवारी

विहीणबाई यांस,

नमस्कार. पत्रास उत्तर देण्यास उशीर झाला, त्याचे कारण हातांना तेल आणि वंगण लागलेले होते आणि अशा हातांनी पत्र लिहिणे मला पसंत नाही.

जुन्या पंपघरातील सर्व मंडळी गोळा झाली. ठिणगी वेल्डर आला. त्याची दृष्टी आता मंद आहे, परंतु सांधा तो बोटांनी पाहतो. बोगदाही आला. हे त्याचे टोपणनाव आहे, एकदा तोंड उघडले की मिटत नाही म्हणून पडले. इंजिनीअरबाईंनी कागदावर आकृती काढून दिली. नळाला मध्ये एक फिरता सांधा, पुढच्या तुकड्याला तराफा, आणि तराफ्याखाली हातभर अंतरावर नळाचे तोंड. तळे चढले की तराफा चढेल, उतरले की उतरेल. तोंड सदैव वरच्या पाण्यात.

आकृती सोपी होती. तराफा पहिल्याच दिवशी बुडाला.

बोगदा काठावरून ओरडला, "अरे, जन्मभर जमिनीच्या पोटात गेलो, तेव्हा कुणी बुडालं नाही. आता होडीत बसायला लागलो तर बुडतोय!" ठिणगी म्हणाला, "तू बोलणं थांबव, तेवढंच वजन कमी होईल." झाले होते असे की, तराफ्याखाली बांधलेल्या रिकाम्या पिंपांची झाकणे आम्ही नीट बंद केली नव्हती. तळातून वर काढायची वस्तू कशी बांधावी ते आम्हांस ठाऊक होते, वर तरंगत ठेवायची वस्तू आम्ही प्रथमच करत होतो. इंजिनीअरबाई हसल्या नाहीत. त्यांनी चपला काढल्या आणि दोर धरला.

दुसऱ्यांदा झाकणांना रबर बसवले. तिसऱ्यांदा फिरता सांधा अडला, कारण ठिणगीने तो फारच मजबूत केला होता. आमच्यात कोणतीही वस्तू सैल करण्याची रीत नाही, खाणीत सैल वस्तू डोक्यावर पडते. त्याला सांधा सैल करण्यास सांगणे हे या सर्व कामातील सर्वांत कठीण काम होते. ते इंजिनीअरबाईंनी केले. "काका," त्या म्हणाल्या, "दाराच्या बिजागरीसारखा करा. मजबूत पण हलणारा." तो म्हणाला, "मग असं आधी सांगायचं."

तराफा आता तरंगतो आहे. तळाचे लाल पाणी आम्ही जसेच्या तसे खाली राहू दिले आहे. त्यास हलवायचे नाही, असे ठरले आहे.

या खेपेस मी पेल्यातून वर्तमानपत्र वाचले नाही. वरच्या थरातील पाण्याची बरणी खिडकीत ठेवली आणि तीन दिवस तिच्याकडे पाहिले. डोंगर अजून दिसतो आहे.

उद्या सकाळी चक्र फिरवतो.

आपला,
व्याही

---

दि. १२ फेब्रुवारी

व्याहीबुवा!

आले. आले, आले.

सगळी वस्ती मोरीवर उभी होती. टाळ्या वाजवायला कुणी तयार नव्हते, एकदा हात पोळले होते. पाणी आले, मोरीखालून गेले, कुणी हू की चू केले नाही. चादरवाली पुढे झाली आणि तिने चादरीचा एक कोपरा बुडवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चादर काठीला लावून गल्लीतून फिरली. कोपरा पांढरा!

बैठकीत टँकर मागणारा, आता सगळ्यांचा टँकरवाला, म्हणतो, "एक दिवस थांबून बघू." मी म्हटले, "थांब की. पण तोवर तुझ्या वाफ्याचा पाट उघडू का नको?" तो पळतच गेला पाट उघडायला.

ठिबकच्या नळ्या मी सुईने एकेक मोकळ्या केल्या. सून सोबत होती. ती म्हणाली, "सासूबाई, बाबांना काय लिहू?" मी म्हटले, "लिहू नकोस, मीच लिहिते. माझ्या हाताला तेल नाही."

ठिणगी, बोगदा आणि इंजिनीअरबाई यांना माझ्याकडून एकेक रोप पाठवते आहे. आपल्यालाही. पाणी आपलेच घालायचे.

आपली,
विहीण

---

दि. २९ मार्च

व्याहीबुवांना नमस्कार.

मंडळाचे साहेब काल सकाळी आपल्याकडे होते, दुपारी आमच्याकडे आले. आपल्याकडे काय झाले ते बोगद्याने दूधगाडीवाल्याला सांगितले आणि त्याने आम्हाला. म्हणजे अर्धेच ऐकण्यासारखे होते. आमच्याकडचे मी सांगते.

सुनावणी माझ्या रोपवाटिकेत झाली, जाळीखाली. साहेबांनी नळीतून पडणारे पाणी पाहिले, पाने उलटून पाहिली. नदीच्या नळाची बाजू मांडायला एक गृहस्थ आले होते, इस्त्रीचा सदरा, आवाज मऊ. ते म्हणाले, "साहेब, आज पाणी चांगलं आहे हे मान्य. पण कोरडं वर्ष आलं की या दोन वस्त्या एकमेकींच्या उरावर बसतील. आत्ताच बघा, जानेवारीभर भांडत होत्या. तो पत्रव्यवहारच सांगतो. नळ घातला की भांडण संपलं."

साहेब माझ्याकडे वळले. "खरं आहे का?"

मी म्हटले, "खरं आहे. आम्ही व्याही-विहीण आहोत, साहेब. आम्ही भांडलो नाही तर लोक विचारतील की बरं नाही का. कोरडं वर्ष आलं तर भांडूच. कुणाचा वाफा आधी, कुणाचा मागून, यावर भांडू आणि मग वाटून घेऊ. नदीत गेलेल्या पाण्यावरून मात्र कुणी भांडणार नाही, हे या गृहस्थांचं खरं. कारण ते कुणाचंच राहणार नाही."

मागे कुणीतरी बाकडे वाजवले. तो टँकरवाला होता.

साहेबांनी काही लिहून घेतले आणि एक रोप कसे लावतात ते विचारले. निकाल टपालाने येईल म्हणाले. मला झोप लागेल असे वाटत नाही, पण आपल्या समितीला तसे कळवू नये.

विहीण

---

दि. ३० मार्च

विहीणबाई यांस,

नमस्कार. बोगद्याने सांगितलेले सर्व रद्द समजावे. घडले ते असे.

साहेब आमच्या घरांत आले. माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला त्यांनी तळहात लावून पाहिला. ओल आता पायाच्या दगडाखाली गेली आहे, वर फक्त तिचा पांढरा काठ राहिला आहे. त्यांनी घरांमागे आम्ही नव्याने खणलेले चर पाहिले, तळ्याच्या काठाला काढलेला नवा सांडवा पाहिला. "जास्त पाऊस झाला तर?" असे विचारले. मी सांगितले की, जास्तीचे पाणी सांडव्याने वेगळे जाईल, नाल्यात अर्धी मोरीच जाईल, खालच्या वाफ्यांना धक्का लागणार नाही.

मग त्यांनी तराफा पाहिला आणि म्हणाले, "आजोबा, ही युक्ती तुमची का?"

मी म्हणालो, "नाही. युक्ती इंजिनीअरबाईंची. त्यांनी ती पहिल्याच दिवशी सांगितली होती. उचलणं, बांधणं आणि बुडवणं आमचं."

हे सांगताना मला त्रास झाला नाही. फार झाला नाही. इंजिनीअरबाई मात्र तराफ्याकडे पाहत राहिल्या आणि चष्मा पुसू लागल्या.

आपण जे उत्तर दिलेत, ते मी आमच्या समितीपुढे उभे राहून वाचले. सर्व जण ताठ बसले.

आपला,
व्याही

---

दि. १८ एप्रिल

व्याहीबुवा,

निकाल आपल्यालाही आजच मिळाला असेल. मी सुनेकडून वाचून घेतला, मग स्वतः वाचला, मग मोरीवर उभी राहून सगळ्यांना वाचून दाखवला. "तळ्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर दोन्ही वस्त्यांचा हक्क कायम करण्यात येत आहे. नदीकडील नळाचा प्रस्ताव निकाली काढण्यात येत आहे." 'निकाली' या शब्दावर लोकांनी इतका गलका केला की पुढचे वाचता आले नाही. चादरवाली रडली. टँकरवाला म्हणाला की त्याला आधीपासूनच खात्री होती.

मंडळाने दुसऱ्या उतारासाठी रोपांची मागणीही माझ्याकडेच नोंदवली आहे. म्हणजे आपले पाणी खाली येणार, रोपे होणार आणि झाडे होऊन वर आपल्या तळ्याकाठी जाणार.

आता हक्काची पहिली मागणी. उद्या पाणी हवे. वस्तीतली सगळी लहानथोर माणसे मोरीवर येणार आहेत. माझे म्हणणे एवढेच, की या वेळी झडप जरा जास्त उघडावी. वाफे वाहून गेले तर मी निस्तरेन.

विहीण

---

दि. १९ एप्रिल

विहीणबाई यांस,

सादर नमस्कार. मागणी पोहोचली. जास्त उघडण्याविषयीची विनंती नियमात बसत नाही. ती मान्य केली आहे.

आज पहाट फुटताच सर्व मंडळी झडपेपाशी आली. चक्र मी एकट्याने फिरवले नाही. एका बाजूस ठिणगीचा हात होता, दुसऱ्या बाजूस इंजिनीअरबाईंचा. बोगद्याला हात ठेवायला जागा उरली नाही, म्हणून त्याने तोंडाने काम केले. पाणी बाहेर पडले, तेव्हा खाण सुरू असताना पाळी सुटल्यावर आम्ही जसा आवाज करत असू, तसा आवाज सगळ्यांनी केला. मीही केला. माझ्या वयास तो शोभला की नाही, हे मी कोणास विचारले नाही.

मी आजवर पुष्कळ पाणी काढले. ते खाणीबाहेर गेले की माझे काम संपत असे. पुढे ते कोठे जाते, याचा विचार करण्याची वेळ आली नव्हती. आज मी कुंपणाच्या तारेपर्यंत त्याच्यासोबत चालत गेलो. पुढे गुडघ्याने नकार दिला. तेथून मोठे वळण दिसते. पाणी त्या वळणावर वळले आणि ऊन पडल्यामुळे लखलखत आपल्याकडे निघून गेले. माझी धाकटी मोरीवर उभी असेल. तिला सांगावे की ते आले आहे, हे तिने स्वतः पाहावे आणि संध्याकाळी मला येऊन सांगावे. दार लोटलेले असले तरी उठवावे.

दूधगाडीवाला दारात हॉर्न वाजवतो आहे, म्हणून आवरते घेतो. त्याला मी सांगितले, घाई करू नकोस. तू कितीही वेगाने गेलास तरी आज माझे पत्र दुसरे पोहोचणार आहे.

आपला,
व्याही